खोलीचा रकाना

जिमवाल्यानं माझ्या भावाचं नाक फोडलं तेव्हा मी रस्त्यापलीकडे माझ्या दुकानात चादरींना इस्त्री करत होते. आरडाओरडा ऐकून मान वर केली, तर त्या रेड्यानं भावाची कॉलर धरून त्याचं डोकं त्याच्याच दुकानाच्या शटरच्या पट्टीवर आपटलं होतं आणि दुसऱ्या ठोशासाठी हात मागे घेतला होता. मी वायर उपटली आणि गरम इस्त्री घेऊनच रस्ता ओलांडला. पोचेपर्यंत भावाच्या शर्टावरचा रक्ताचा ओघळ पार पोटापर्यंत आला होता. आणि हा बाबा दोन बोटांनी नाक दाबून त्या माणसाला शांतपणे विचारत होता, "खोली किती होती?"

जिमवाल्याला काही कळेना. त्यानं भावाकडून आपला गेम खेळायचा कॉम्प्युटर जास्त वेगानं पळेल असा करून घेतला होता, आणि तो ऐन स्पर्धेत, शेवटच्या दोन मिनिटांत बंद पडला होता. भावानं पुन्हा विचारलं, मशीन बंद पडलं तेव्हा त्या खोलीचं तापमान किती होतं? खोदून खोदून विचारल्यावर निघालं असं की, धूळ बसू नये म्हणून या पैलवानानं कॉम्प्युटर लाकडी कपाटात ठेवून वर कपाटाचं दार लावून घेतलं होतं. मग मशीननं बंद पडून स्वतःचा जीव वाचवला, असं भाऊ म्हणाला. जिमवाला माझ्या हातातल्या इस्त्रीकडे बघत बघत निघून गेला. मी भावाला शिव्या घातल्या, एक तरी ठोसा परत द्यायचा होतास म्हणाले. तो म्हणाला, "जाऊ दे ताई, तो तापला होता."

मशीन असो की माणूस, त्याचं हे एकच उत्तर असायचं.

गल्लीत त्याला सगळे पंख्या म्हणतात. कुठलंही मशीन समोर आलं की हा आधी वाकतो आणि उजवा कान त्याच्या पंख्याला लावतो. डावा कान लावत नाही, कारण त्याचा पडदा तो सात वर्षांचा असताना फाटला. आमच्या वडिलांनी, आप्पानं, एक थोबाडीत दिली होती. का, ते आता मलाही आठवत नाही. पुढे वर्षभर त्या कानातून पू येत होता आणि आई उशीवर फडकं घालून त्याला झोपवायची.

त्याचा धंदा लोकांना सांगितला की हसतात. कॉम्प्युटरचा प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्या वेगानं चालतो. हा तो वेग वाढवून देतो. वेग वाढवायचा तर वीज जास्त द्यावी लागते आणि वीज जास्त दिली की तो बोटाएवढा तुकडा भडकतो. वेग काय, कुणीही वाढवेल, आकडा तर बदलायचा, असं पंख्या म्हणायचा. आतली उष्णता बाहेर कशी काढायची हीच खरी मेहनत. त्यासाठी तो प्रोसेसर शिकंज्यात धरून, दातओठ खाऊन, त्याचं झाकण कटकन उडवायचा. आतली वाळलेली पेस्ट ब्लेडनं खरवडायची, नवी लावायची, वर तांब्याचा जाड ठोकळा आणि त्याला दोन पंखे. मग सहा तास मशीन पूर्ण ताकदीनं पळवायचं आणि दर दहा मिनिटांनी आकडे कागदाच्या पट्टीवर लिहायचे. नव्वदच्या वर गेलं की मशीननं आपोआप बंद पडायचं, अशी व्यवस्था केल्याशिवाय तो कुणाला काही द्यायचा नाही. ती पट्टी मशीनच्या झाकणाला आतून चिकटवलेली असायची. तिच्यावर वेळेनंतरचा पहिला रकाना खोलीचा, प्रोसेसरचा त्याच्यानंतर. खोली माहीत नसेल तर बाकीचे आकडे कचऱ्यात टाका, म्हणायचा.

हे तो कुठल्या क्लासात शिकला नाही. हे तो आमच्या घरात शिकला.

लोक वडिलांना अहोजाहो करतात. समोर मीही करते, पण मागे माझ्याच्यानं होत नाही. आप्पा फाउंड्रीत होता. भट्टीसमोर उभं राहून वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम, रोज आठ तास. संध्याकाळी घरी यायचा, हातपाय धुऊन लाकडी खुर्चीत बसायचा आणि मग आम्ही तिघं जीव मुठीत धरून बसायचो. दाराचा अडसर काढून त्यानं आईचं मनगट मोडलं. ते वाकडंच जुळलं, आणि आई गेली त्या दिवशीही तिथली गाठ तशीच होती. माझा पुढचा दात त्यानं पितळी तांब्यानं पाडला. भाकरी करपली म्हणून, वही दिसेना म्हणून, कुणी हसलं म्हणून. मारून झालं की गाढ झोपायचा, आणि आम्ही फरशीवरचं रक्त पुसायचो.

मी आप्पावर गेले. शाळेत मी तीन पोरींचे केस उपटले होते. माझा संसार अडीच वर्षं टिकला. नवऱ्यानं एकदा हात उचलला, मी इस्त्री उचलली, विषय संपला. पण पंख्यानं जन्मात कुणाला चापट मारली नाही. तो नऊ वर्षांचा होता तेव्हापासून आप्पावर नजर ठेवून असायचा. कानाच्या पाळ्या लाल झाल्या की अजून वेळ आहे. अंगठा खुर्चीच्या हातावर घासायला लागला की दहा मिनिटं. "इकडे ये" असं हळू आवाजात म्हणाला की वेळ संपली. अंगठा घासायला लागला की पंख्या मला आणि आईला काहीतरी निमित्त काढून गच्चीवर न्यायचा. कितीदा तरी आम्ही त्याच्यामुळे वाचलो.

मग एका उन्हाळ्यात त्याच्या डोक्यात आलं की, खोली गरम असली की आप्पा लवकर तापतो. झालं. शाळेतून आला की हा पोरगा गोणपाटं भिजवायचा आणि खुर्चीमागच्या खिडकीला टांगायचा. बादल्या उचलून उचलून त्याच्या हातांना घट्टे पडले. आप्पा येऊन त्या गारव्यात बसायचा आणि कधी कधी खरंच तसाच झोपून जायचा. त्या दिवशी पंख्या माझ्याकडे अशा नजरेनं बघायचा की मलाही ते पटलं. एकदा तर मार पडून गेल्यावर तो ओठातलं रक्त गिळत म्हणाला, आज गोणपाट लवकर वाळलं.

आई गेल्यावर आप्पा कुठे राहणार असा प्रश्न आला. माझं उत्तर एका शब्दाचं होतं आणि ते छापण्यासारखं नाही. पंख्यानं त्याला आपल्याकडे नेलं. दुकानाच्या वरच त्याचं घर, तीन खोल्यांचं. घरात भावजय आणि पुढे झालेली पोर, आता पाच वर्षांची; वयाच्या मानानं फारच ठेंगणी, म्हणून आम्ही तिला ठेंगू म्हणतो. त्यानं घरातली सगळ्यात गार खोली आप्पाला दिली. पाण्याचा कूलर बसवला, भिंतीवर थर्मामीटर टांगला, खाटेमागे पट्टी चिकटवली. वेळ, खोली, आप्पा. वीज गेली की ओला टॉवेल खिडकीला. मी समोरच राहात असून सहा वर्षांत त्या जिन्यावर पाय ठेवला नाही. पण भावजय इस्त्रीचे कपडे घेऊन यायची आणि सांगायची, आज ताट फेकलं, आज माझ्या पाठीत काठी बसली. आप्पाचे गुडघे गेले होते, पण मनगटं अजून तशीच होती. तिनं नवऱ्याला सांगितलं की तो आधी विचारायचा, किती वाजता, आणि खोली किती होती? तेव्हाच माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण मी काय करत होते? चादरी दाबत होते.

तो दिवस भर उन्हाळ्यातला. दुकानात मीटर बदलायला माणसं आली होती, त्यामुळे वीज बंद. एका आर्किटेक्ट बाईंचं मोठं मशीन दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं आणि सहा तासांची चाचणी राहिली होती. पंख्यानं ते मशीन उचलून वर नेलं आणि घरातली सगळ्यात गार खोली म्हणून आप्पाच्या खोलीत ठेवलं. ओल्या हवेनं मशीन बिघडेल म्हणून पाण्याचा कूलर बंद केला. रस्ता खोदलेला, धूळ येईल म्हणून खिडकी लावून घेतली. भावजय कामावर गेली होती. ठेंगू बाहेरच्या खोलीत चित्रं रंगवत होती. पट्टीनुसार तीन ते चार आप्पा झोपलेला असतो. हा मीटरवाल्यांना दुकान दाखवायला खाली उतरला आणि फोनवर मशीनचा आकडा बघत राहिला. ब्याऐंशी. त्र्याऐंशी. परत ब्याऐंशी. जागचा हलत नव्हता. तो खूष होता. रस्त्यापलीकडून मला हात करून त्यानं अंगठा दाखवला.

आकडा हलत नव्हता, कारण पंखे भन्नाट फिरून सगळी उष्णता बाहेर फेकत होते, आणि बाहेर म्हणजे बंद खिडकीच्या, आप्पाच्या खोलीत. फोनवर फक्त प्रोसेसर दिसत होता. खोलीचा थर्मामीटर वर भिंतीवर होता. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या पट्टीवर खोलीचा रकाना कोरा राहिला.

किंकाळी मी ऐकली. एक नाही, तीन. पहिलीलाच मी रस्त्यात होते. पंख्या माझ्या पुढे जिना चढत होता, पण उजवा कान भिंतीकडे होता म्हणून की काय, तो मध्येच थांबून कुठून आवाज येतोय ते बघत होता. मी त्याला ढकलून आत गेले. दार उघडलं तशी भट्टीसारखी हवा तोंडावर आली. मशीन घोंघावत होतं. आप्पा खाटेवर घामानं निथळत बसला होता, काठी दोन्ही हातांत धरून. ठेंगू खाटेखाली अर्धी शिरली होती आणि तिचा डावा हात कोपराच्या खाली जिथे वाकायला नको तिथे वाकला होता. तिचा लाल खडू घरंगळत आत गेला होता, तो घ्यायला ती आली होती. आप्पा म्हणाला, "झोपू देत नाही कार्टी."

मी काठी हिसकावली. एक त्याच्या खांद्यावर घातली, पूर्ण ताकदीनं, आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. दुसरी डोक्यातच घातली असती. पंख्यानं मागून माझे दोन्ही हात धरले. मग पोरीला उचललं आणि जाता जाता, खरं सांगते, त्यानं थर्मामीटर बघितला.

दवाखान्यात हाडांचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही हाडं मोडलीत, कशानं झालं? पंख्या म्हणाला, पडली. डॉक्टरांनी तिच्या पाठीवरचा वळ बघितला, मग आमच्याकडे बघितलं. भावजय तोवर धावत आली होती. तिनं पोरीचा फ्रॉक खाली ओढला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ठेंगूला प्लास्टर घालून बाहेर आणलं तेव्हा पंख्या तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि तिला समजावून सांगायला लागला. तुझी चूक नाही बाळा. आजोबांचीपण नाही. खोली तापली होती ना, म्हणून. बाबांची चूक. ती डोळे मोठे करून ऐकत होती आणि मान डोलवत होती.

मी त्याला बाजूला ओढलं.

"सदतीस होती, ताई," तो म्हणाला. "माझ्या कसं लक्षात आलं नाही? मी एसी बसवतो. आठ दिवसांत बसवतो."

मी त्याच्या थोबाडीत मारली. चांगल्या कानाला लागू नये म्हणून डाव्या गालावर मारली, एवढंच काय ते भान होतं. अख्खा दवाखाना बघत होता. भावजय पुढे आली. मला वाटलं मला थांबवायला आली. ती नवऱ्याला म्हणाली, आजपासून एकतर आप्पा त्या घरात राहतील, नाहीतर आम्ही दोघी. तो म्हणाला, एसी बसेपर्यंत आठ दिवस दे, मग बघ ते कसे शांत होतात. बाप होता त्याचा. आप्पाला रस्त्यावर सोडणं पंख्याला जमणार नव्हतं, आणि पोरीला घेऊन भावजय निघून गेली तर हा माणूस संपणार होता, हे मला लख्ख दिसत होतं. मी म्हणाले, आठ दिवस मी नेते त्याला. कुणालाच ते खरं वाटलं नाही, मलाही नाही.

माझं घर म्हणजे इस्त्रीच्या दुकानामागची एक खोली. वर पत्रा, मध्ये फक्त पडदा, पलीकडे दिवसभर तापलेल्या दोन इस्त्र्या. दुपारी तिथे मांजरसुद्धा थांबत नाही. मी आप्पाला तिथे खाट टाकून दिली, पंख्याच्या भिंतीवरचा थर्मामीटर आणून माझ्या भिंतीला ठोकला, आणि पहिल्या दुपारी पंखा बंद केला. हो, मुद्दाम. मला भांडण हवं होतं. सहा वर्षं, छे, चाळीस वर्षं मी त्या भांडणाची वाट बघत होते.

पारा चाळीसवर गेला. आप्पाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अंगठा खाटेच्या कडेवर घासायला लागला. मी पडदा सरकवून समोर उभी राहिले. त्यानं पाणी मागितलं, मी म्हणाले, देते. दिलं नाही. त्यानं पुन्हा मागितलं. मग त्यानं उशाजवळचा रिकामा स्टीलचा ग्लास उचलला, हात खांद्यामागे नेला, तसाच, जसा तांब्या उचलला होता. माझी जीभ आपोआप त्या पडलेल्या दाताच्या जागेवर गेली. माझ्या हातात गरम इस्त्री होती. ती मी खाली ठेवली, नाहीतर इस्त्रीला घाबरला असं झालं असतं.

"उचललात ना? आता मारा," मी म्हणाले.

त्यानं माझ्या दंडांकडे बघितलं. पंचवीस वर्षं इस्त्री ओढून झालेले दंड आहेत ते. मग त्यानं ग्लास अलगद उशाजवळ ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "पाणी दे ना, बाळा."

बाळा. जन्मात पहिल्यांदा.

मी पाणी दिलं आणि पडद्यापलीकडे जाऊन बसले. आणि मला फाउंड्री आठवली. आम्हां दोघांनाही ती कायम माहीत होती, आणि दोघांच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. भट्टीसमोरच्या पन्नास डिग्रीत हा माणूस तीस वर्षं उभा राहिला. मुकादम आईवरून शिव्या द्यायचा. तिथे यानं कुणावर बोट उचललं नाही.

मी आठ दिवस पट्टी लिहिली, पंख्यासारखीच. वेळ, खोली, आणि तिसऱ्या रकान्यात हात. पंखा रोज दुपारी दोन तास बंद. एक्केचाळीस, शून्य. एकोणचाळीस, शून्य. बेचाळीस, शून्य. आठव्या दिवशी ती पट्टी घेऊन मी रस्ता ओलांडला आणि जिना चढले.

भावजयीची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. आप्पाच्या रिकाम्या खोलीत एसीवाला भिंतीला भोक पाडून गेला होता. पंख्या जमिनीवर बसून विटेचा चुरा गोळा करत होता. मी पट्टी त्याच्या हातात दिली. त्यानं ती गिऱ्हाइकाच्या पट्टीसारखी वाचली, बोट ठेवून, ओळीओळीनं. मग चौकशी सुरू झाली. थर्मामीटरवर ऊन येत होतं का? नाही. पंखा खरंच बंद होता? बंद. रात्रीची झोप? व्यवस्थित, घोरतो. जेवण? माझ्यापेक्षा जास्त. तो पुन्हा पहिल्या ओळीवर गेला. खोलीचा रकाना अंगठ्यानं झाकून त्यानं नुसती शून्यं पुन्हा वाचली.

"भट्टीपाशी किती असेल, ताई?" त्यानं विचारलं.

"पन्नास. जास्तच."

"तिथे कुणाला मारलं?"

मला वाटलं आता हा काहीतरी फोडणार, आणि मनातून मला ते हवंच होतं. समोर हातोडा पडला होता. पंख्यानं हातोड्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं दोन्ही तळहात उलटे करून गुडघ्यांवर ठेवले आणि ते बघत बसला. घट्टे कधीच गेले होते, पण जागा त्याला माहीत होती.

तेवढ्यात ठेंगू आली. प्लास्टरचा हात गळ्यात, आणि उजव्या हातानं ती जमिनीवरून काहीतरी ओढत आणत होती. मागे ओली रेघ उठली होती. न्हाणीघरातला टॉवेल, चिंब भिजवलेला. ती खिडकीपाशी गेली, टाचा उंचावल्या आणि एका हातानं तो गजांवर टाकायला लागली. टॉवेल घसरून तिच्या तोंडावर पडला. तिनं तो पुन्हा उचलला. भावजय दारात उभी राहून बघत होती. तिनं सांगितलं, आठ दिवस रोज हेच चाललंय, काढला की पुन्हा भिजवून आणते.

पंख्या उठला. मला वाटलं तो टांगायला मदत करणार. त्यानं पोरीच्या हातातून टॉवेल घेतला, खिडकीबाहेर नेऊन तो पिळला, पाणी पार निथळून जाईपर्यंत पिळला, आणि वाळत घालायच्या दोरीवर नेऊन टाकला.

"बाबा," ती घाबरून म्हणाली, "खोली तापेल ना."

त्यानं तिला उचलून कडेवर घेतलं, दुखरा हात सांभाळून.

"तापू दे," तो म्हणाला.